घाटावरून ट्रॅक्टर आणताना या चुका टाळा

कोकणात जुना ट्रॅक्टर बहुतेक वेळा घाटावरूनच येतो. कोल्हापूरकडे सौदा ठरतो आणि मग आंबा नाहीतर गगनबावड्याचा घाट उतरून तो खाली आणायचा असतो. "पिकअप आहे, मागे ट्रॉली जोडू आणि ट्रॅक्टर तिच्यावर चढवू," असं म्हटलं जातं आणि पहिली चूक इथेच होते. सपाटीवर पिकअप ओढेलही, पण घाटात तुम्हाला तेवढं वजन थांबवायचं असतं.

हिशेब करा. ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर साधारण २ टनांचा. मागे रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) असेल तर आणखी ४००-५०० किलो. मागच्या चाकांत पाणी भरलेलं असेल तर अडीच-तीनशे किलो वेगळे. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून विचारा आणि पाणी काढूनच घ्या. वर ट्रॉलीचं स्वतःचं वजन. एवढा बोजा पिकअपला उतारावर मागून ढकलणार. कंपनीने गाडीला किती ओढायची मुभा दिली आहे ते बघा, पिकअप आणि ट्रॉली दोन्हींच्या आरसी बुकातलं एकूण वजन वाचा. बसत नसेल तर सरळ ट्रक भाड्याने घ्या. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर घाटाचं नावही काढू नका.

ट्रॅक्टर फार मागे उभा केला की ट्रॉलीचं तोंड उचलतं आणि ती शेपटीसारखी डुलायला लागते. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा पिकअपच्या हुकावर यायला हवा. डुलायला लागलीच तर स्टेअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडा, गाडीचा ब्रेक करकचून मारू नका.

बांधताना माझी स्वतःची चूक झाली होती. मागची साखळी मी उचललेल्या रोटाव्हेटरलाच अडकवली. इंजिन बंद, त्यामुळे अवजार उचलून धरणारं हायड्रॉलिक हळूहळू खाली बसत गेलं आणि साखळी सैल पडत गेली. आंब्याला चहाला थांबलो म्हणून दिसलं, साखळीत मूठ जात होती. पुढे उतार सुरू होणार होता. ते आठवलं की अजून काटा येतो. अवजार आधी ट्रॉलीच्या फळीवर टेकवा आणि ते वेगळं बांधा. ट्रॅक्टर अॅक्सलला चार कोपऱ्यांत बांधा, स्टेअरिंगच्या रॉडला कधीच नाही. गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे द्या. आठ-दहा किलोमीटरवर आणि घाटाच्या तोंडाशी थांबून साखळ्या पुन्हा ताणा.

घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकडत नाहीत. जळका वास आला की जागा बघून थांबा.

पावसात ट्रॅक्टर चढवायच्या फळ्यांवरची तांबडी माती आधी खरवडून काढा, टायर साबणावरून घसरावा तसा घसरतो. चढवता-उतरवताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल (मागच्या डाव्या-उजव्या चाकाचं एकेक) खटक्याने जोडलेले आहेत का, हे हाताने हलवून बघा. शेतात वळायला खटका काढलेला असतो. तो तसाच राहिला तर फळीवर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो.