विंडोज टाकताना एसएसडी दिसत नाही? आधी व्हीएमडी तपासा

विंडोज ११ टाकायला घेतलं आणि ड्राइव्ह निवडायच्या पानावर यादीच रिकामी, वर 'लोड ड्रायव्हर' दाबा अशी सूचना. एसएसडी गेली असं समजून लगेच दुकान गाठू नका. इंटेलच्या ११व्या पिढीच्या प्रोसेसरपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या आड असते, आणि त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये सहसा नसतो.

पहिल्यांदा बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचं लॅपटॉपच्या सेटिंगचं पान, उघडा. तिथेही एसएसडीचं नाव नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही; ती स्लॉटमध्ये नीट बसली आहे का ते पाहा.

नाव दिसत असेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरून आपल्या मॉडेलचा इंटेल आरएसटी ड्रायव्हर उतरवा; व्हीएमडीचा ड्रायव्हर त्यातच असतो. थेट इंटेलकडून घेणार असाल तर पिढी बघून घ्या: ११वीसाठी १९ची मालिका, २०ची मालिका १२वीपासून पुढे.

घोळ होतो तो इथे. उतरवलेली 'सेटअप आरएसटी' ही इएक्सई फाइल लोक तशीच पेनड्राइव्हवर टाकतात. लोड ड्रायव्हरला इएक्सई दिसतच नाही, त्याला ड्रायव्हरची माहिती असलेली आयएनएफ फाइल लागते. म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फाइलचं नाव, एक स्पेस, डॅशला चिकटून सलग 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स', पुन्हा स्पेस आणि फोल्डरचा पत्ता द्या. ड्रायव्हर सुटे होतील; 'व्हीएमडी' नावाचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून टाका.

आता लोड ड्रायव्हर, मग ब्राउझ, आणि तो फोल्डर. 'इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर' आणि पुढे ९ए०बी किंवा ४६७एफ असा कोड दिसेल. निवडून नेक्स्ट केलं की थोड्या वेळात एसएसडी यादीत येते. काहीच दिसलं नाही, तर न जुळणारे ड्रायव्हर लपवण्याची टिक काढायचा मोह होतो. टिक काढल्यावरच दिसणारा ड्रायव्हर बहुधा चुकीच्या पिढीचा असतो, तो टाकून उपयोग नाही.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं हा सोपा रस्ता. एसरच्या काही मॉडेलमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबल्यावर उघडतो. मात्र एसएसडीवर आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर हे करू नका. ते निळ्या स्क्रीनवर अडकेल, आणि बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी कीही मागू शकेल.