पाठ, खिडकी आणि आईची चंद्रकळा

न्यूड पोर्ट्रेट पहिल्यांदाच काढणार असाल तर आधी एक जाड सुती गाऊन आणा, पुढून बांधायचा. दोन फोटोंच्या मधे मॉडेलने तो अंगावर घ्यायचा. तुम्ही लेन्स बदलत बसलात आणि समोरचं माणूस तसंच ताटकळलं, तर ते अवघडलेपण पुढच्या फोटोत खांद्यांवर दिसतंच.

त्याच्याही आधी चहा. काय दिसेल, काय नाही, चेहरा येईल का, फोटो कुणाला दाखवायचे, हे सगळं साध्या मराठीत कागदावर, खाली दोघांच्या सह्या. वयाची 18 वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा डोळ्यांनी बघायचा; ‘दिसते की मोठी’ हे चालत नाही. फोटो काढू दिला म्हणजे तो पसरवायलाही होकार दिला, असं होत नाही. स्त्रीच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम 77 नेमकं हेच सांगतं. मैत्रीण सोबत हवी असेल तर खुशाल येऊ दे. पोझ मी स्वतः करून दाखवते. हात लावून दुरुस्त करणं आपल्याकडे बंद.

माझी पहिली फजिती कॅमेऱ्यामुळे झालीच नाही. सगळं जमून आलं, बाई पाठमोऱ्या बसल्या, आणि कमरेवर इलॅस्टिकची लाल रेघ! पायांवर मोज्यांची वळी. ती जाईपर्यंत दीड तास गप्पा मारत बसलो, तोवर संध्याकाळ झाली. आता आदल्या दिवशीच निरोप जातो: घट्ट काही घालून येऊ नका, मनगटावर घड्याळही नको.

उजेडाला माझ्याकडे उत्तरेची एक खिडकी आहे, बस. ट्यूबलाइट बंद करायची, नाहीतर अर्धं अंग हिरवट येतं. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, खिडकीला खांदा करून बसवायचं आणि अगदी हळू वळायला सांगायचं. घाई इथे करू नका. पाठीवर सरळ समोरून उजेड आला की ती पाटासारखी सपाट दिसते. बाजूने आला की खांद्याचं पातं उठून येतं, कण्याची पन्हळ सावलीने भरते. ती भरली की ‘थांबा’ म्हणायचं, श्वास सावकाश सोडायला लावायचा आणि तो संपता संपता बटण दाबायचं. पलीकडच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला तर सावली निवळते. मी बहुधा धरत नाही.

मागे आईची जुनी चंद्रकळा टांगते. सुती काळा चमकत नाही. लाल काठ तेवढा दुमडून घ्यायचा. एवढं काळं बघून कॅमेरा ऑटोवर गोंधळतो आणि कातडी पिठासारखी पांढरी करून टाकतो. म्हणून मॅन्युअल, म्हणजे सेटिंग आपल्या हाताने: उजळ बाजूच्या कातडीवर उजेडाचं मोजमाप घ्यायचं. माझ्या खोलीत सकाळी दहाला आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 400, एफ (लेन्सचं छिद्र) 4, वेग 1/125 सेकंदाच्या आसपास जमतं. लेन्स 85 मिमीची. 35 मिमीने जवळून काढलं तर पुढे आलेला गुडघा भोपळ्याएवढा होतो. तळहात कॅमेऱ्याकडे सपाट नको, करंगळीची कड दिसू दे.

शेवटी गाऊन घालून, शेजारी बसून, सगळे फोटो कॅमेऱ्यावरच बघायचे. नको ते तिथल्या तिथे, तिच्या हाताने पुसायचे. फोनवर घ्यायचे नाहीत. फोन आपोआप कुठे कुठे प्रती पाठवतो.

मागच्या महिन्यात 58 वर्षांच्या एक बाई होत्या. 140 पैकी त्यांनी 9 ठेवले. मला सगळ्यात आवडलेला पहिल्या फटक्यात उडाला.