साहित्याच्या अभ्यासासाठी भरवशाची साधने कशी शोधावीत

एखाद्या कवीवर किंवा लेखकावर लिहायला बसण्यापूर्वी त्याच्या ग्रंथाची कोणती आवृत्ती प्रमाण धरायची हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी कपाटापेक्षा सूची आधी पाहावी. १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीचे दोन भाग (१८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५०) संदर्भ विभागात मागून घ्यावेत.

तुकारामांच्या गाथेवरून आवृत्तीचे महत्त्व चांगले कळते. १८६९ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेल्या आवृत्तीसाठी अनेक हस्तलिखिते ताडून पाहिली होती. पुढच्या आवृत्त्यांमध्ये अभंगांचा क्रम आणि संख्या बदलत गेली. त्यामुळे नुसता अभंगक्रमांक दिला, तर वाचकाला तो अभंग दुसऱ्या गाथेत सापडेलच असे नाही. आवृत्ती आणि अभंगाची पहिली ओळ दोन्ही नोंदवावीत. संपादकाने कोणत्या पोथ्या वापरल्या, पाठभेद (पोथ्यापोथ्यांतील शब्दांचे फरक) दिले की नाहीत, हे प्रस्तावनेत तपासावे. ज्या संपादित संहितेत याचा काहीच उल्लेख नाही, ती वाचनापुरती ठीक, पण निबंधाचा आधार म्हणून मी घेणार नाही.

पुण्यात कोठे जावे हे विषयावर अवलंबून आहे. संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांसाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, बखरी व ऐतिहासिक कागदपत्रांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि आधुनिक मराठी साहित्यासाठी टिळक रस्त्यावरील महाराष्ट्र साहित्य परिषद. विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय प्रबंधांसाठी उपयोगी आहे. अनेक प्रबंध आता शोधगंगा या संकेतस्थळावर घरबसल्याही वाचता येतात, मात्र प्रबंधातील अवतरण मूळ ग्रंथाशी ताडल्याशिवाय उचलू नये. सभासदत्वाचे नियम सर्वत्र वेगळे असल्याने आधी चौकशी करावी. महाविद्यालयाचे शिफारसपत्र जवळ असलेले बरे.

संगणकीय तालिकेत शोधताना एका नावावर थांबू नये. ज्ञानेश्वरी ही ‘भावार्थदीपिका’ म्हणूनही नोंदलेली असू शकते, आणि रोमन लिपीतील नोंदींत ‘ज्ञ’चे स्पेलिंग ग्रंथालयागणिक बदलते. तरीही हाती काही लागले नाही, तर ग्रंथपालांना विचारावे. जुन्या संग्रहातील सगळीच पुस्तके संगणकावर चढलेली नसतात.

समकालीन परीक्षणे बहुधा नियतकालिकांच्या बांधीव खंडांत असतात. त्यांतून टिपण घेताना वर्ष, अंक आणि पृष्ठ यांबरोबर खंडाचा दाखल क्रमांकही (ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला नोंदक्रमांक) लिहून ठेवावा, म्हणजे तोच खंड पुन्हा मागवता येतो.