माणसाला बोलतं करायचंय? मग या चुका टाळा

‘सर, माणसं बोलतच नाहीत,’ ही तक्रार घेऊन पोरं आली की हसावं की रडावं कळत नाही. रात्री कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन उभे राहा. समोर म्हशीची धार काढून फेसाळलेला ग्लास हातात येईस्तोवर शेजारचा अनोळखी माणूस ऊसदर, पेठेतला फुटबॉल आणि मेहुण्याच्या जागेची भानगड सांगून मोकळा होतो. कोल्हापुरात माणसाला बोलायला लावावं लागत नाही. चुकीचं काहीतरी विचारून आपणच त्याला गप्प करतो.

कॉलेजच्या पोरांना घेऊन पेठापेठांतल्या जुन्या माणसांच्या आठवणी टिपायचं काम मी बरीच वर्षं करतोय. पोरं दरवर्षी नवी असतात, चुका मात्र त्याच.

‘कसं वाटतंय?’

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिला जागा जास्त.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि इकडे चप्पल कारागिरांकडे माइकवाल्यांची रीघ लागली. त्याच दिवसांत आमचा गट सुभाषनगरात एका मामांकडे गेला होता. सोबत एमएचा एक पोरगा होता. हुशार, रात्रभर वाचून आलेला. २०१९ मध्ये कोल्हापुरीला मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन, त्यातले महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे, सगळं तोंडपाठ. टेकल्या टेकल्या त्याने सुरू केलं, “मामा, आपली चप्पल इटलीला पोचली, कसं वाटतंय?”

मामांनी हातातली आरीही थांबवली नाही. “आनंद हाय. पण कारागिराला न्याय मिळाला पायजे.”

“राग नाही आला?”

“आला की.”

“नवी पिढी या धंद्यात येत नाही, याची खंत वाटते का?”

“वाटती की.”

बघा, पोराने उत्तरं घरूनच आणली होती. मामांनी फक्त ‘की’ जोडला. टीव्हीवाल्यांना दिलेली वाक्यं त्यांनी आम्हालाही दिली, कारण आम्ही विचारलंही टीव्हीवाल्यांसारखंच.

गटात एक पोरगी होती, तोवर तोंडातून चकार शब्द न काढलेली. तिने समोरची एक चप्पल उचलून उजेडात धरली. “मामा, पट्ट्यावरची ही वेणी कोण घालतं?”

“ती व्हय? आमची मालकीण.” मामांनी मानेनेच आत दाखवलं.

मामी चहा देऊन आत गेल्या होत्या. आमच्यातल्या एकानेही त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. पोरगी उठून उंबऱ्याशी जाऊन बसली. “मामी, दिवसाला किती होतात?”

“त्ये नगावर न्हाई बाई सांगता येत. पर माझी वेणी मी बाजारात कुठंबी वळखते.”

“कशी?”

मामींनी चप्पल हातात घेतली, वेणीवरून अंगठा फिरवला. “ह्ये बघ. बाकीच्यांची हिकडनं तिकडं पडती. माझी उलटी. मी डावरी हाय.”

पुढचा तासभर आम्हाला काही विचारावं लागलं नाही. लहानपणी डाव्या हाताने वाढलं म्हणून आईने पळी हाणलेली, लग्नानंतर तोच हात लपवत केलेली कामं, आणि एक दिवस सासऱ्यांनी वेणी ओढून बघून ‘हिचा हात बदलू नका’ असं घरात सांगितलेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मामांनी आरी खाली ठेवली असावी. “ह्ये कवा झालं? मला न्हाई म्हायती.”

बाहेर पडल्यावर आमचा एमएवाला म्हणतो, “सर, पण मेन विषय राहिलाच की.” यावर मी काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

तर, भावना थेट विचारू नका. माणसाचे हात काय करतायत, समोर काय पडलंय, भिंतीवर कोणाचा फोटो आहे, तिथून सुरू करा. माझी सवय अशी की घरात शिरल्यावर वापरून झिजलेली एखादी वस्तू हेरायची आणि तिच्याबद्दल विचारायचं. नवी वस्तू कामाची नाही, तिला अजून काही घडलेलं नसतं.

दुसरा प्रश्न आधीच्या उत्तरातलाच एखादा शब्द धरून यायला हवा. वरच्या गोष्टीत सगळं काम त्या ‘कशी?’ने केलं. २०१७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी गप्पा आणि स्पीड डेटिंग तपासून हेच मांडलं: जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, आणि त्यातही उत्तराला धरून पुढचं विचारणारी. वहीतला पुढचा प्रश्न विचारायची घाई असते त्याला उत्तर ऐकूच येत नाही, मग धरणार काय?

तयार यादी

हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलवर ‘जवळीक वाढवणारे ३६ प्रश्न’ असतात. रंकाळा तलावावर भेळ खात पोरगा पोरीला विचारतो, ‘घरातल्या कोणाच्या मरणाचं तुला सगळ्यात जास्त दुःख होईल?’ अरे बाबा, तिची पुरी तरी संपू दे.

यादी वाईट नाही, ती वापरायची तऱ्हा वाईट आहे. आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत १९९७ मध्ये ती प्रयोगासाठी छापली. अनोळखी जोड्या, तीन टप्पे, साधारण ४५ मिनिटं. पहिल्या टप्प्यात हलकंफुलकं, मग थोडं आत, आणि घरच्यांच्या मरणाचं अगदी शेवटी. शिवाय प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचं. लोक नेमक्या या दोन गोष्टी गाळतात. पायऱ्या सोडून गच्चीवर उडी मारतात आणि स्वतः एक शब्द बोलत नाहीत. त्याला जवळीक नाही, चौकीतला जबाब म्हणतात. शॉर्टकट मारणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी, कारण त्यानंतर ती पोरगी दुसऱ्या कोणालाही नीट उत्तर देत नाही.

शांततेला घाबरणं

राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या शाहू मिल या कापडगिरणीतले एक जुने कामगार. आमच्या पोराने प्रश्न चांगला विचारला होता, “मिल बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलंत?” आजोबा खिडकीकडे बघत राहिले. पोराला ते सोसवेना. “म्हणजे, शेती बघितली असेल ना?”

“हां. शेती.”

संपलं. त्या सकाळी काय झालं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

सवय असते ती. २००९ मध्ये दहा भाषांतल्या रोजच्या बोलण्यावर संशोधन झालं. हो-नाही छापाचा प्रश्न संपल्यापासून उत्तर येईपर्यंत सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. एवढ्या वेगाची सवय झालेल्या कानाला तीन सेकंदही डोंगराएवढे वाटतात. पण मिलच्या त्या सकाळची आठवण काढायला माणसाला तेवढे लागतातच. मी चहाचा घोट तोंडात धरून ठेवतो. तोंडात चहा असला की मध्ये बोलता येत नाही. चहा पीत नसाल तर सुपारी चघळा, पण गप्प राहा.

‘आमच्याकडे पण!’

पुराचा विषय निघाला की कोल्हापूरकराला आवरत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. म्हणून कोणी २०१९ च्या महापुराचं सांगू लागलं की समोरचा लगेच स्वतःच्या घरातलं पाणी मोजायला घेतो. स्वतःचं सांगा, जरूर सांगा, पण त्याचं संपल्यावर आणि त्याच्यापेक्षा थोडक्यात. आणि ‘पाणी किती आलं होतं?’ विचाराल तर फुटांतच उत्तर मिळेल. ‘घर सोडताना पहिलं काय उचललंत?’ हे विचारून बघा. एका आजींनी भिजलेली कागदपत्रं सोडून दळणाचा डबा उचलला होता. का, ते त्यांनी न विचारताच सांगितलं: शेजारणीचं दळण होतं.

बाकीच्या, पटापट

एका दमात तीन प्रश्न विचारू नका. माणूस शेवटच्या आणि सगळ्यात सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो.

‘का’ जपून वापरा. ‘लग्न का नाही केलं?’ असं विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो.

मोबाइल खिशात. टेबलावर पालथा ठेवलेलाही नको.

रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. नको म्हणाले तर तोंड वाकडं करू नका.

लेकीसुनेला बाजूला बसवून तिच्याबद्दल घरातल्या मोठ्यांना विचारू नका. ती समोर आहे, तिलाच विचारा.

‘आडनाव काय? मूळ गाव कुठलं?’ पाठोपाठ विचारणारा कशाच्या मागावर आहे ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं, आणि तो तिथेच दार लावून घेतो. गावाबद्दल बोलायचंच असेल तर तिथल्या जत्रेचं विचारा, कुस्त्यांचं विचारा, विहिरीत पोहायला कोणी शिकवलं ते विचारा. आडनाव त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. नाही सांगितलं तरी तुमचं काही अडत नाही.