फोटो एडिटिंगचा पीसी जुळवताना कोटेशन खालून वर वाचा

लग्नाचा सीझन जवळ आला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानाचं कोटेशन घेऊन कुणी ना कुणी फोटोग्राफर माझ्याकडे येतोच. वरून वाचत जावं तर महागडं ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांची कॅबिनेट, लिक्विड कूलर आणि तळाला एक ओळ: 'मॉनिटर २४ इंची'. कंपनी नाही, मॉडेल नंबर नाही. हा गेम खेळायचा पीसी झाला. फोटोच्या कामासाठी आधी मॉनिटर ठरवा, त्याचे पैसे बाजूला काढा आणि उरलेल्यात बाकीचं बसवा.

अल्बम काळपट आला की आपल्याकडे पहिली शिवी लॅबवाल्याला. दोष बहुतेक वेळा आपल्याच टेबलावर असतो. मॉनिटर कंपनीतून येतो तोच डोळे दिपतील इतका उजळ, २५० ते ३५० निट्सचा (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप). त्यावर फोटो भगभगीत दिसतो म्हणून आपण एक्सपोजर खाली ओढतो. कागदाला मात्र स्वतःचा उजेड नसतो. प्रिंटसाठी काम करताना स्क्रीन १०० ते १२० निट्सवर आणावी लागते. सुरुवातीला अंधारल्यासारखं वाटेल. वाटू दे.

पॅनेल, म्हणजे स्क्रीनचा आतला पडदा, आयपीएस प्रकारचाच घ्या. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलच्या गडद काळ्या रंगाला लोक भुलतात, पण नवरीचा चेहरा स्क्रीनच्या मधून कोपऱ्यात सरकवा, सावल्यांचा गडदपणा बदललेला दिसेल. मग कुठल्या जागेवरचा चेहरा खरा धरायचा? बॉक्सवरच्या '१.६७ कोटी रंग' या जाहिरातीकडे बघूच नका, तेवढे रंग बँकेतल्या काउंटरवरचा मॉनिटरही दाखवतो. एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठी ठरलेला रंगांचा प्रमाण पट्टा, किती टक्के दाखवतो ते विचारा. ९९ किंवा १०० हवं. काही कंपन्या आकडा एनटीएससी या टीव्हीच्या जुन्या रंगमापात देतात. तिथे ७२ टक्के म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी. ४५ टक्के असेल तर तो मॉनिटर बिलं करायला ठेवा.

ॲडोबी आरजीबीवाला, म्हणजे एसआरजीबीहून मोठा रंगपट्टा दाखवणारा महागडा मॉनिटर घ्यावा का, हे हमखास विचारतात. लॅब तुमच्याकडून एसआरजीबीतली जेपीजी मागत असेल तर नको. शिवाय त्या मॉनिटरला एसआरजीबी मोड नसला, तर ज्या सॉफ्टवेअरला कलर प्रोफाइल (रंग कुठल्या पट्ट्यातले ते सांगणारी नोंद) कळत नाही त्यात सगळं वऱ्हाड उन्हात भाजल्यासारखं लाल दिसतं. आकार २७ इंची, रिझोल्युशन २५६० बाय १४४०. एवढ्या काचेवर १९२० बाय १०८० घेतलं तर पिक्सेल जाडे दिसतात आणि शार्पनिंगचा अंदाज फसतो.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर दोन फाइल न्या. एक नुसती राखाडी: ती पूर्ण स्क्रीनभर लावून चारही कोपरे बघा, कुठे गुलाबी किंवा हिरवट झाक नको. दुसरा जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलालाचा फोटो, सोबत त्याच फाइलची लॅबमधून काढलेली प्रिंट. हलक्या स्क्रीनला गुलाल झेपत नाही. सगळीकडे एकच गुलाबी थाप दिसते, सदऱ्याच्या घड्या गायब. प्रिंटमध्ये घडी आहे आणि स्क्रीनवर नाही, तर तो मॉनिटर तिथेच ठेवा. दुकानदार म्हणेल, "दादा, चालतंय की!" त्याचं चालतंय, अल्बमचे पैसे तुमचे अडकतात.

आणि कॅलिब्रेशन डोळ्यांनी होत नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगो. डोळा थोड्या वेळात पिवळटालाही पांढरं मानायला लागतो. काचेवर टेकवायचं कॅलिब्रेटर यंत्रच लागतं. त्याला ६५०० केल्विन (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजेड) आणि १२० निट्स एवढं सांगायचं. काम महिन्यातून एकदाच असतं, म्हणून ओळखीच्या तिघाचौघांत मिळून एक घेतलं तरी भागतं.

आता बाकीचं. प्रोसेसर आठ कोरचा, रायझन ७ किंवा त्याच्या तोडीचा इंटेल. त्यापुढचे पैसे फोटोत दिसत नाहीत. रॅम ३२ जीबी, पण १६च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली तर मेमरीचा वेग निम्म्यावर येतो. विंडोज, लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (फोटोंची नोंदवही) आणि चालू काम यांसाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे मदरबोर्डवरच बसणारी वेगवान डिस्क. मदरबोर्डवर तिच्यासाठी दोन स्लॉट असू देत, पुढे दुसरी लागतेच.

ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न एका सवयीवर सुटतो. २०२३ साली लाइटरूममध्ये फोटोतले दाणे साफ करणारं एआय डीनॉइज आलं, ते कार्डाच्या जोरावर चालतं. संगीत, वरातीचे हाय आयएसओ, म्हणजे कमी उजेडातले दाणेदार फोटो गठ्ठ्याने साफ करत असाल तर ८ जीबीचं मधल्या किमतीचं कार्ड घ्या. नसाल तर साधं पुरे.

कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लावू नका. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचा शिक्का), ६५० वॅट घ्या. यूपीएस प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरातल्या विजेसारखीच लहर देणारा, कारण स्वस्त यूपीएसवर लाइट गेली की काही चांगले एसएमपीएस तिथल्या तिथे बंद पडतात. पावसाळ्याआधी अर्थिंग तपासून घ्या.

राहता राहिला जुना डेटा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीपर्यंत पाणी आलं होतं, आणि आपल्याकडचे बरेच स्टुडिओ तळमजल्यावर आहेत. म्हणून हार्ड डिस्क एक मोठी घेण्यापेक्षा त्याच पैशात मध्यम अशा दोन घ्या. एक पीसीमध्ये, दुसरी केसमध्ये घालून दुसऱ्या पेठेतल्या पाहुण्यांकडे, वरच्या मजल्यावर.