मेकॅनिक म्हणतो म्हणून जाड ऑइल टाकू नका

सर्व्हिसिंगला गेलं की ठरलेलं वाक्य, 'साहेब जरा जाड ऑइल टाकू, इंजिनचा आवाज बसेल', तर लगेच हो म्हणू नका, आधी डॅशबोर्डच्या खणातलं मॅन्युअल काढा, त्यात ग्रेड लिहिलेला असतो, 0डब्ल्यू-20, 5डब्ल्यू-30 असा. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा (जितका लहान तितकं पातळ), नंतरचा इंजिन तापल्यावर किती जाड राहतं त्याचा. बीएस6 डिझेलवाल्यांनी एवढ्यावर थांबू नका हं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर जळल्यावर कमी राख सोडणारं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये सी2 की सी3 (अशा ऑइलचे प्रकार) ते बघून डब्यावर तेच शोधा, नाहीतर फिल्टर हळूहळू चोंदतो आणि नवीन फिल्टरचा आकडा ऐकून घाम फुटतो. आणि डब्याचं सील आपल्यासमोरच फोडायला सांगा.