स्वस्तातले हेड स्टड इंजिनात घालण्याआधी

टर्बो लावला किंवा कॉम्प्रेशन वाढवलं की सिलिंडर हेड (इंजिनाचं वरचं झाकण) आणि ब्लॉक यांच्यामधल्या हेड गॅस्केटची परीक्षा सुरू होते. मारुती जिप्सीच्या १२९८ सीसी इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७४ मिलिमीटर आहे. सिलिंडरमधला दाब १०० बारपर्यंत चढला, तर एकटा सिलिंडर हेडला साधारण ४३ किलोन्यूटन, म्हणजे चार टनांहून जास्त जोराने वर ढकलतो. हा धक्का मुख्यतः आजूबाजूचे चार बोल्ट झेलतात. म्हणून इंजिन बांधताना बोल्टऐवजी स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेली, वरून नट लावायची दांडी) घालायचा विचार येतो, आणि एआरपी या नावाजलेल्या कंपनीच्या सेटची किंमत बघितली की दुसरा विचार येतो: ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला सेट घालू का?

घाला, पण पाकिटातून काढून थेट ब्लॉकमध्ये नको. आधी त्याची तपासणी करा. सातारा एमआयडीसीत लेथवाला शोधावा लागत नाही, आणि तपासणीचा खर्च एका हेड गॅस्केटपेक्षा फार नाही.

त्याआधी एक खडा सवाल. इंजिन बरंचसं कंपनीच्याच अवस्थेत असेल, पोर्टिंग (हेडमधल्या हवेच्या वाटा मोठ्या करणं) आणि कॅम एवढंच काम केलं असेल, तर स्टडची गरज आहे का? बहुतेक वेळा कंपनीचे नवे हेड बोल्टच पुरतात. जुने मात्र परत वापरू नका. आजकालचे बरेच हेड बोल्ट एकदाच ताणण्यासाठी बनवलेले असतात. शिवाय ओव्हरहेड कॅमच्या (कॅम हेडमध्येच असलेल्या) गाडीत लांब स्टड बसले की पुढे कधी हेड काढायचं झाल्यास ते सरळ वर उचलावं लागतं. बॉनेटखाली तेवढी जागा नसेल तर अख्खं इंजिन उतरवायची वेळ येते. विकणारा हे सांगत नाही.

स्टडच घालायचे ठरले, तर सेट घेताना एक-दोन नग जास्तीचे घ्या. एक मोडायचा आहे.

हातात आल्यावर आधी नजरेखालून घाला. ग्रेडचा शिक्का बघा. १०.९ म्हणजे किमान ताणशक्ती साधारण १००० मेगापास्कल, १२.९ म्हणजे १२००. काहीच शिक्का नसेल तर त्याला कमी ताकदीचा ८.८ समजूनच चाला, पाकिटावर काहीही छापलेलं असो. मग आटे बघा. रोल केलेल्या आट्यांचा तळ गोलसर आणि गुळगुळीत असतो. लेथवर कापलेल्या आट्यांच्या तळाशी हत्याराचे ओरखडे दिसतात, आणि चीर नेमकी तिथूनच सुरू होते. भिंगाखाली हा फरक लगेच कळतो. कापलेले आटे दिसले तर सेट परत करा, पुढचं काही करायची गरज नाही.

चकचकीत झिंक प्लेटिंगला भुलू नका. १२.९ सारख्या कडक पोलादावर इलेक्ट्रोप्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो. प्लेटिंगनंतर नीट भट्टीत ठेवलं नाही तर असा स्टड घट्ट केल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी नुसती उभी असताना तुटू शकतो. स्वस्त मालात काळा ऑक्साइड केलेला १०.९ चा स्टड मला चमकणाऱ्या १२.९ पेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

स्वस्त सेटमध्ये खरी चोरी होते ती नट आणि वॉशरमध्ये. स्टड बरा निघतो, वॉशर मात्र हार्डवेअरच्या दुकानातला. वॉशरच्या कडेवर बारीक कानस मारून बघा. कडक असेल तर कानस घसरते, मऊ असेल तर चावते आणि भुकटी पडते. मऊ वॉशर ॲल्युमिनियमच्या हेडवर हळूहळू दबतो आणि तेवढी पकड कमी होते. वॉशर कडक आणि दोन्ही बाजूंनी ग्राइंड केलेलाच हवा, नट १० किंवा १२ क्लासचा. हे दोन्ही वेगळे चांगले विकत घेतले तरी सेट स्वस्तातच पडतो.

दोन-तीन नगांची हार्डनेस टेस्ट करून घ्या. १०.९ ला रॉकवेल सी मापावर ३२ ते ३९ आकडा यावा, १२.९ ला ३९ ते ४४. एकाच सेटमधले दोन स्टड ३० आणि ३८ दाखवत असतील तर सेट बाद. सगळे सारखे असणं हे एखाददुसरा फार मजबूत असण्यापेक्षा महत्त्वाचं, कारण गॅस्केट सुटतं ते सगळ्यात ढिल्या जागी.

आता मुख्य काम. स्टडची पकड येते ती त्याच्या ताणातून. तो किंचित लांबतो आणि परत आखडायला बघतो, त्या ओढीनेच हेड दाबलेलं राहतं. टॉर्क रेंचवरचा आकडा ही ओढ मोजत नाही, बरीचशी ताकद घर्षणातच जाते. म्हणून लांबीच मोजायची, आणि त्यासाठी एक जिग (स्टड बसवून तपासायचा साचा) करून घ्यायचा.

लेथवाल्याकडून ईएन-८ पोलादाच्या ३२ मिलिमीटर गोल बारचा एक तुकडा कापून घ्या. लांबी तुमच्या हेडच्या जाडीएवढी, मधून ११ मिलिमीटरचं भोक, दोन्ही तोंडं काटकोनात फेस (सपाट) केलेली. खाली ब्लॉकच्या जागी २० मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी, तिला स्टडच्या मापाचे आटे आरपार मारलेले. स्टड पट्टीत बसवा, वरून बार, वॉशर आणि नट. स्टडची दोन्ही टोकं उघडी राहायला हवीत, म्हणजे मायक्रोमीटर लागतो. टोकं कानसून सपाट केलीत तर माप प्रत्येक वेळी एकच येतं.

एम१० चा, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचा, १०.९ ग्रेडचा स्टड धरू. त्याचा प्रूफ लोड (कायमचा न लांबता झेलता येणारी ओढ) ४८ किलोन्यूटनच्या आसपास असतो, आणि त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ३६ किलोन्यूटन, एवढी ओढ आपल्याला हवी. पकडीतली लांबी १०० मिलिमीटर असेल तर एवढ्या ओढीला स्टड सुमारे ०.२२ मिलिमीटर लांबतो. आट्यांचा भाग जास्त असेल तर थोडा अधिक. ग्रेड कुठलीही असो, पोलाद सारख्याच ओढीला सारखंच लांबतं. महाग स्टड फक्त आणखी पुढपर्यंत ताणून परत येतो.

आट्यांना आणि नटाखाली जे वंगण इंजिनात वापरणार तेच लावा. प्रत्येक स्टड तीन-चार वेळा घट्ट करून सैल करा, म्हणजे नवे पृष्ठभाग रुळतात. मग शून्यापासून दर १० न्यूटन-मीटरला थांबत लांबी वहीत लिहा. आकडे सारख्या पावलांनी वाढायला हवेत. एखाद्या टप्प्याला लांबी अचानक जास्त उडी मारते, म्हणजे स्टड कायमचा ताणला जातोय. तिथेच थांबा. ०.२२ वर पोहोचलात की टॉर्क लिहा, नट सोडा आणि पुन्हा मोजा. मूळ लांबीपेक्षा ०.०२ मिलिमीटरहून जास्त वाढ उरली असेल तर तो स्टड भंगारात.

जास्तीचा नग मोडेपर्यंत ताणा. गॉगल लावा आणि बाजूला उभे राहा. चांगला स्टड तुटण्याआधी कुठेतरी बारीक होतो. काचेसारखा टक्कन तुटला आणि तोंडावर खरखरीत दाणे दिसले, तर उरलेला सेटही नको.

या वहीतूनच तुमचा टॉर्कचा आकडा निघतो. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा कंपनीच्या बोल्टसाठी असतो, तो स्टडला लावू नका. हिशोब बघा: कोरड्या आट्यांवर ३६ किलोन्यूटनसाठी सुमारे ७२ न्यूटन-मीटर लागतात, इंजिन ऑइल लावून ५४, मोलिब्डेनमचं ग्रीस लावून ४३. मोली लावून कोणी कोरड्याचे ७२ दिले तर ओढ ६० किलोन्यूटनवर जाते आणि १०.९ चा स्टड तिथेच कामातून जातो. ‘स्वस्त माल, तुटला’ म्हणून ज्या तक्रारी होतात, त्यातल्या कित्येकांत दोष ग्रीसचा असतो.

बोअर होन करायला (आतून घासून गोल करायला) उद्यमनगरला, कोल्हापूरला पाठवत असाल तर स्टड सोबत द्या आणि टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पट्टी) लावूनच होनिंग करायला सांगा. स्टडची पकड बदलली की ब्लॉक किंचित पिळतो आणि बोअरची गोलाई बिघडते. प्लेट आवळलेली असताना गोल केलेला बोअरच हेड बसल्यावर गोल राहतो.

बसवताना ब्लॉकमधली भोकं अगदी कोरडी करा. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर स्टड पिस्टनसारखा दाबतो आणि ब्लॉकला चीर जाते. आटे साफ करायला नवा टॅप घालू नका, तो धातू कापतो. जुन्या हेड बोल्टला हॅकसॉने उभ्या दोन खाचा पाडा, मळ काढायला तो उत्तम. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये एम१० ला २० मिलिमीटर आटे धरलेले हवेत. आधीच आटे गेलेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) आताच बसवा. भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडत असेल तर खालच्या आट्यांना सीलंट लावा. स्टड हातानेच टेकेपर्यंत बसवायचा, तळाशी पाना लावून आवळायचा नाही.

हेड आणि ब्लॉक स्ट्रेटएज आणि फीलर गेजने तपासा. ०.०५ मिलिमीटरची पट्टी खालून जात असेल तर फेसिंग करून घ्या. नट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत घट्ट करा: एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. शेवटचा टप्पा एका दमात, रेंच मध्येच न थांबवता. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसायला हवेत, आणि कॅम किंवा व्हॉल्व्ह कव्हर कशाला लागत नाही हे हाताने इंजिन फिरवून बघा.

सुरू केल्यावर तापू द्या, पूर्ण थंड होऊ द्या. मल्टीलेयर स्टीलच्या गॅस्केटला सहसा पुन्हा टॉर्क लागत नाही. कंपोझिट असेल तर थंड इंजिनावर एकेक नट थोडा सोडून परत त्याच आकड्याला आणा. मग पसरणीचा घाट साध्या वेगाने चढवून आणा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटरची पातळी बघा. पाणी कमी झालं असेल, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर कूलंटमध्ये बुडबुडे आले, तर बूस्ट वाढवायचा विचार सोडून हेड उघडा. प्रत्येक स्टडची लांबी वहीतल्या आकड्याशी ताडून बघा, लांबलेला नेमका कुठल्या सिलिंडरपाशी होता ते लगेच कळतं.